शिकवणी लावण्यापूर्वी : इतिहासाचा आणि इतर विषयांचा शिक्षक कसा शोधावा?



नशिराबाद आणि परिसरातील आदिवासी वस्त्यांवर आमचे काम सुरू झाले तेव्हा जून महिन्यात पालकांचे प्रश्न ठरलेले असत. जातीचा दाखला कुठे मिळेल, गणवेश कधी येईल, आश्रमशाळेत जागा आहे का? हे प्रश्न आजही आहेत. पण गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “ताई, पोरीले शिकवनी कोठे लावू?” विटभट्टीवर किंवा केळीच्या बागेत मजुरीला जाणारी आई हा प्रश्न विचारते, तेव्हा तिने त्यासाठी पैसे बाजूला काढायची तयारी केलेली असते. ते पैसे कसे येतात हे आम्ही जवळून पाहतो. म्हणून त्या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे आम्ही आमचे काम मानतो.

हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीचा नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. म्हणजे दर दहा मुलांमागे तीन मुले. शेजारचे मूल जाते म्हणून आपलेही जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कोणाकडे पाठवायचे, काय पाहून पाठवायचे, हे पालकांना कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरात आजवर कोणी दहावीपर्यंत पोहोचले नाही, त्यांना तर ते विचारायलाही संकोच वाटतो. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर मांडत आहे. वस्तीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा लेख पालकांना वाचून दाखवावा, ही विनंती.

आधी अडचण ओळखा

शिक्षक शोधण्यापूर्वी मुलाचे नेमके कुठे अडते आहे हे पाहावे. “इतिहासात कमी गुण पडतात” असे पालक सांगतात. आम्ही मुलाला पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगतो. नंतर पुस्तक मिटून, काय वाचले ते स्वतःच्या शब्दांत, घरी बोलतात त्या बोलीत सांगायला सांगतो. या पाच मिनिटांत बहुतेक गोष्टी कळतात.

मूल अडखळत वाचत असेल, तर अडचण वाचनाची आहे. त्याला इतिहासाची शिकवणी लावून उपयोग नाही. आधी रोज अर्धा तास वाचन हवे. वाचता येते पण सांगता येत नाही, असे असेल तर भाषा अडते आहे. घरी भिल्ली, पावरी किंवा तावडी बोलणाऱ्या मुलाला ‘वसाहतवाद’, ‘सार्वभौमत्व’ असे शब्द परके वाटतात, आणि ते समजावून सांगणारे कोणी नसते. वाचता येते, सांगताही येते, पण लिहिता येत नाही, असे असेल तर उत्तर लिहिण्याचा सराव हवा. तिन्ही मुलांना गुण सारखेच कमी पडतात, पण तिघांना लागणारा शिक्षक वेगळा असतो.

यानंतर शाळेत जाऊन शिक्षकांना भेटावे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून, गरज असेल तिथे जादा शिकवणे हे शिक्षकाच्या कर्तव्यांत मोडते. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ही मागणी पालक हक्काने करू शकतात. याच कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणून वर्गशिक्षकच “माझ्याकडे शिकवणी लावा” असे सुचवत असतील, तर पालकांनी दबून जाऊ नये. “सर, शाळेतच थोडा जादा वेळ द्याल का?” असे नम्रपणे विचारावे. आमचा अनुभव असा, की पालक स्वतः शाळेत गेले की बरेच शिक्षक मदत करतात. आपल्याकडे पालक शाळेत जातच नाहीत, ही खरी अडचण आहे.

इतिहास हा ‘पाठ करायचा’ विषय नाही

शिकवणी लावायची ठरली की घरात पहिली नावे निघतात ती गणित आणि इंग्रजीची. इतिहासाचे काय, असे विचारले तर उत्तर मिळते, “तो तर पाठ करायचा विषय आहे.” एक गाईड आणि एक अपेक्षित प्रश्नसंच विकत घेतला की काम झाले, अशी समजूत असते. ही समजूत महागात पडते.

आधी गुणांचा हिशेब पाहू. दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्राचे ४० गुण, भूगोलाचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ लागतात. गणितात मागे असलेले मूल समजून लिहायला शिकले, तर या विषयात चांगले गुण मिळवू शकते, आणि त्याचा धीर वाढतो. दहावीत खचलेले मूल परत शाळेकडे वळत नाही, मुलगी असेल तर लगेच स्थळ पाहिले जाते. म्हणून तो धीर महत्त्वाचा.

आता पुस्तक पाहू. बालभारतीचे २०१८ पासूनचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक उघडले, तर त्यात राजे आणि लढाया क्रमाने दिलेल्या नाहीत. पहिले दोन पाठ इतिहासलेखनाचे आहेत : एक पाश्चात्त्य परंपरेवर, दुसरा भारतीय परंपरेवर. पुढे उपयोजित इतिहास, भारतीय कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ येतात. व्हॉल्टेअर, रांके, मायकेल फुको ही नावे पाठ करणे शक्य आहे. पण ‘सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पाठांतर संपते. इतिहास कोण लिहितो, कशाच्या आधारे लिहितो, कोणाचा राहून जातो, हे समजलेले मूलच तिथे चार ओळी स्वतःच्या लिहू शकते. याच पुस्तकात ‘वंचितांचा इतिहास’ असा भाग आहे. आपल्या मुलांनी तो भाग स्वतःचा म्हणून वाचावा अशी माझी फार इच्छा असते.

आपल्या मुलांसाठी इतिहास का महत्त्वाचा

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत नववीतल्या एका भिल्ल मुलाने मला विचारले, “ताई, आपुन चोर होतो का?” त्याने कुठेतरी ऐकले होते, की पूर्वी भिल्ल गावे लुटत. वर्गात कोणीतरी त्यावरून चिडवलेही होते. अशा मुलाला दोन सनावळ्या जास्त पाठ झाल्या काय आणि नाही काय! त्याला या प्रश्नाचे खरे उत्तर देऊ शकेल असा शिक्षक हवा.

ते उत्तर कसे देता येते, ते थोडक्यात सांगते; कारण त्यावरूनच इतिहासाचा चांगला शिक्षक ओळखता येतो. इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटिअरांत नशिराबादची नोंद आहे. सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी या गावाला वेळोवेळी त्रास दिला, असे त्यात म्हटले आहे. ही नोंद लपवायची गरज नाही. पण चांगला शिक्षक तिथे थांबत नाही, तो पुढचे प्रश्न विचारतो. ही नोंद कोणी लिहिली? सरकारी अधिकाऱ्यांनी. कोणासाठी? कारभार चालवणाऱ्यांसाठी. त्या वेळी खानदेशात काय घडत होते? १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आणि फौजांची लूटमार यांनी हा मुलूख उजाड झाला होता. गावांची राखण करणारे जागले म्हणून ज्या भिल्लांना परंपरेने हक्क होते, त्यांचे ते हक्क पुढे कसे सांभाळले गेले? १८१८ मध्ये इंग्रज आले आणि संघर्ष अधिकच पेटला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. ज्यांना कागदोपत्री लुटारू म्हटले, त्यांच्याच हाती बंदोबस्त सोपवला गेला. हे कसे घडले असेल?

पुढे खाज्या नाईकांची गोष्ट येते. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा हा माणूस कधीकाळी इंग्रजांच्याच नोकरीत होता. १८५७ च्या उठावात तो त्यांच्या विरुद्ध उभा राहिला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे त्याच्या भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. एकाच माणसाला एका कागदात ‘बंडखोर’ आणि दुसऱ्या कागदात ‘स्वातंत्र्यवीर’ म्हटले जाते. दोन्ही कागद समोर ठेवून मुलाला विचार करायला लावणे, हेच इतिहास शिकवणे.

मी धर्मशास्त्राची पदविका घेत होते, तेव्हा कोणताही जुना उतारा हाती घेताना आम्हाला तीन प्रश्न विचारायला शिकवले होते : हे कोणी लिहिले, कोणत्या काळात लिहिले, कोणासाठी लिहिले? इतिहासाच्या अभ्यासातही मला हेच प्रश्न उपयोगी पडले. त्या मुलाला मी हेच तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितले. शिकवणीसाठी शिक्षक शोधताना हेच प्रश्न विचारणारी व्यक्ती भेटली, तर तिच्याकडे पदवी कोणती आहे याची मी फार चौकशी करत नाही.

शिक्षक कुठे शोधायचा?

नशिराबाद जळगाव-भुसावळ रस्त्यावर आहे, जळगावपासून सुमारे दहा किलोमीटर. त्यामुळे पालकांची नजर आधी शहरातल्या मोठ्या क्लासकडे जाते. तिथल्या फलकांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. पण विचार करा. एका खोलीत साठ-सत्तर मुले, जाण्या-येण्यात दीड-दोन तास, रिक्षाचे भाडे, मुलगी असेल तर अंधार पडल्यावर परतण्याची काळजी. आणि आपले मूल तर मागच्या बाकावर गप्प बसणारे! अशा ठिकाणी हुशार मुले पुढे जातात, पण मागे राहिलेल्या मुलाकडे लक्ष जाणे अवघड असते.

त्यापेक्षा जवळची माणसे शोधावीत. आम्ही पुढील क्रमाने शोधतो.

पहिले, वस्तीतलीच किंवा गावातली बारावी झालेली, महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा मुलगा. आपल्या मुलाची बोली त्यांना येते, आणि कुठे अडते हे त्यांना आठवत असते, कारण तेही तिथेच अडले होते.

दुसरे, गावात राहणारे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे वेळ असतो आणि अनुभव असतो. अनेकांना पैशांपेक्षा कोणीतरी आदराने विचारायला आलेले आवडते.

तिसरे, जळगाव-भुसावळच्या महाविद्यालयांत इतिहास घेऊन बी.ए., एम.ए. करणारे किंवा बी.एड.चे विद्यार्थी. त्यांतले पुष्कळ जण आसपासच्या गावांतूनच ये-जा करतात. विभागातल्या प्राध्यापकांना भेटून “तुमचा एखादा विद्यार्थी आमच्या गावाकडचा आहे का?” असे विचारले तर नाव मिळते.

चौथे, शाळेचे माजी विद्यार्थी. मुख्याध्यापकांना अशी मुले नावानिशी ठाऊक असतात.

“बारावीच्या पोरीला काय शिकवता येणार?” अशी शंका पालक घेतात. त्यांना मी बालसखींची हकीकत सांगते. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास झाला. बालसखी म्हणजे त्याच परिसरात राहणारी, शालेय शिक्षण झालेली तरुणी. तिसरी-चौथीच्या वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज सुमारे दोन तास वेगळी बसवून वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घेई. वर्षाअखेरीस मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. या अभ्यासातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखीकडे मोठी पदवी नव्हती. ती मुलांच्या जवळ बसत होती आणि ती जिथे होती तिथून शिकवत होती.

अर्थात प्रत्येक विषयाला हे लागू होत नाही. नववी-दहावीचे गणित आणि विज्ञान यांसाठी त्या विषयाची पक्की तयारी असलेलीच व्यक्ती हवी. इंग्रजीसाठी व्याकरण सांगणाऱ्यापेक्षा रोज दहा वाक्ये मोठ्याने वाचून घेणारा शिक्षक आपल्या मुलांना जास्त उपयोगी पडतो. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि मराठी हे विषय एकच व्यक्ती सांभाळू शकते. सगळे विषय एकटा शिकवतो म्हणणाऱ्याला मात्र दहावीसाठी दोनदा विचारून घ्यावे.

एक आठवडा पाहून मग ठरवा

शिक्षक ठरवण्यापूर्वी एक आठवडा शिकवून पाहण्याची विनंती करावी. त्या आठवड्यात आईने किंवा आजीने एकदा तरी शेजारी बसावे. वाचता येत नसले तरी पुढील गोष्टी सहज दिसतात.

शिक्षकच सगळा वेळ बोलतो, की मुलालाही बोलायला लावतो? मूल चुकले तर हसतो, रागावतो, की पुन्हा सांगतो? पाठ्यपुस्तक उघडले जाते, की थेट गाईडमधली उत्तरे उतरवून दिली जातात? न समजलेला शब्द मुलाच्या बोलीत समजावला जातो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी परतल्यावर मूल आपणहून एखादी गोष्ट सांगते का?

इतिहासाच्या शिक्षकाला मी स्वतः एकच काम देऊन पाहते. पुस्तकाचे एक पान मुलाकडून वाचून घ्या आणि त्यावर तीन प्रश्न मुलालाच तयार करायला सांगा. ज्याला मुलाकडून प्रश्न काढून घेता येतात, त्याला इतिहास शिकवता येतो. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास, एवढा वेळ इतिहासाला पुरतो. त्यात अर्धा वेळ वाचून समजून घेण्याला आणि अर्धा वेळ लिहिण्याला द्यावा. लिहिलेले उत्तर शिक्षकाने लाल शाईने तपासून दिलेच पाहिजे. वही पाहिली की काम होते आहे की नाही ते कळते.

पैशांचा व्यवहार

यात आपल्या लोकांची फसवणूक होते, म्हणून स्पष्ट लिहिते. आमच्या ओळखीच्या एका मजूर कुटुंबाने शहरातल्या एका क्लासला वर्षभराची फी जूनमध्येच भरली. ऑक्टोबरनंतर कुटुंब ऊसतोडीला गेले, मुलगी मामाकडे राहिली, क्लास सुटला. पैसे परत मागायला गेल्यावर “पावती दाखवा” असे उत्तर मिळाले. पावती दिलेलीच नव्हती.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. फी महिन्याची ठरवावी, वर्षाची आगाऊ देऊ नये. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. घरगुती शिकवणी असेल तर वहीत तारीख, रक्कम आणि शिक्षकाची सही घ्यावी. सणाला किंवा मजुरीला बाहेरगावी जावे लागले, तर त्या दिवसांचे काय, हे आधीच बोलून घ्यावे. फी उशिरा मिळाली म्हणून मुलाला सर्वांसमोर उठवायचे नाही, हेही सांगून ठेवावे.

मोठ्या क्लासबाबत केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग केंद्रांसाठी त्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, शिकवणारे किमान पदवीधर असावेत, आणि पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. या सूचना पालकांना ठाऊक असल्या तर बोलताना आधार वाटतो.

फी परवडण्यासाठी आम्हाला सर्वांत सोपा वाटलेला मार्ग म्हणजे चार-पाच मुलांचा गट. एकाच इयत्तेची किंवा जवळच्या इयत्तांची मुले एकत्र बसवली की खर्च वाटला जातो, शिक्षकालाही बरे पैसे मिळतात, आणि मुले एकमेकांना विचारून शिकतात. गट सहा-सातपेक्षा मोठा होऊ देऊ नये. समाजमंदिर, अंगणवाडीची मोकळी खोली किंवा एखाद्याच्या घराची पडवी, जागा कोणतीही चालते. दिवा मात्र चांगला हवा.

सुरक्षिततेबाबत संकोच नको

शिक्षक ओळखीचा असो, नात्यातला असो वा संस्थेने सुचवलेला असो, काही नियम सर्वांना सारखेच असावेत. शिकवणी उघड्या दाराच्या खोलीत व्हावी. मूल एकटे नसावे. गट हा या दृष्टीनेही चांगला. घरात कोणी मोठे माणूस असावे. रात्री उशिरा फोन किंवा संदेश नकोत. मारणे, अपमान करणे, जातीवरून बोलणे हे एकदाही खपवून घेऊ नये. मूल अचानक “मला जायचे नाही” म्हणू लागले, तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी शांतपणे कारण विचारावे. शंका आली तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करता येतो. लैंगिक अत्याचारापासून मुलांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा मुलगे आणि मुली दोघांसाठीही आहे. आम्ही सुचवलेल्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर तीही आमच्याकडे निःसंकोच आणावी.

शिक्षक मिळालाच नाही तर?

काही वस्त्यांवर खरोखरच कोणी मिळत नाही. तिथेही मार्ग आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. पुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलवरील ‘दीक्षा’ ॲपने उघडला की त्या पाठाशी संबंधित साहित्य मिळते. वस्तीत एकच चांगला मोबाईल असेल तरी आठवड्यातून दोनदा पाच मुले त्याभोवती बसू शकतात. मोठ्या वर्गातल्या मुलाने लहानांना एक तास शिकवले तर त्याचाही अभ्यास होतो. आदिवासी मुलांसाठीच्या योजना, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांची माहिती आपल्या जिल्ह्यासाठी यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. घरी राहून शिकणे शक्यच नसेल तर निवासी शाळेचा विचार जरूर करावा.

इतिहासासाठी आणखी एक शिक्षक प्रत्येक घरात असतो. नशिराबादच्या जवळच असोदे हे गाव आहे. १८८० मध्ये तिथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आज आपल्या जिल्ह्यातले विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी रचलेली गाणी इतरांनी लिहून घेतली म्हणून टिकली. आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांकडेही असे पुष्कळ आहे. आपण या गावात कुठून आलो, दुष्काळात काय खाल्ले, रस्ता होण्यापूर्वी वस्ती कशी होती, पहिल्यांदा शाळेत कोण गेले? मुलाने हे प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. दहावीच्या पुस्तकात ज्याला मौखिक साधन म्हणतात, ते मुलाला असे घरात सापडते. आणि ज्या आईला “मला काय कळतं” असे वाटते, तिने रोज रात्री एवढेच विचारावे, “आज काय शिकलीस, मला सांग.” मुलगी आईला सांगता-सांगता धडा पक्का करते. याला फी लागत नाही.

शेवटी एक विनंती

या परिसरात आमच्या ओळखीच्या बऱ्याच मुलांना शिकवणीची गरज आहे, आणि शिकवू शकणारी माणसेही आहेत. दोघांची गाठ पडत नाही. हे पत्रक वाचणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतील, महाविद्यालयात शिकणारी मुले असतील, घरी दोन तास मोकळे असलेल्या गृहिणी असतील. आठवड्यातून दोन तास आपण देऊ शकत असाल तर कार्यालयात नाव कळवावे. शक्यतो इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल या विषयांसाठी, कारण गणित-इंग्रजीला विचारणारे पुष्कळ असतात आणि इतिहास मागे राहतो. जे शिकवू शकत नाहीत, त्यांनी जुनी पाठ्यपुस्तके, कोऱ्या वह्या किंवा एका गटाच्या महिन्याच्या फीचा भार उचलला तरी मोठी मदत होईल.

पालकांना एवढेच सांगते : घाईने पैसे भरू नका. आधी मुलाला वाचायला बसवा, मग शाळेत जा, मग आपल्या गावात शोधा, आणि आठवडाभर पाहून ठरवा. या कामात सोबत हवी असेल तर आमच्यापैकी कोणीही आपल्याबरोबर शाळेत किंवा शिक्षकाच्या घरी येईल.